कर्णनादासाठी तंबोरा, काशाचे नादपात्र आणि ओंकार: वापरानंतरचा अनुभव

नादोपचाराच्या नावाने बाजारात जे काही मिळते, त्यापैकी तीन वस्तू मी गेल्या दिवाळीपासून नियमित वापरते आहे. दुकानात ज्याला ‘सिंगिंग बोल’ म्हणतात ते काशाचे नादपात्र, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मिरजेहून आणलेला चार तारांचा तंबोरा. जोडीला रोजचा ओंकार आणि भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखे गुंजन करण्याचा प्राणायाम, आहे, तिला पैसे पडत नाहीत. या सर्वांकडे वळण्याचे कारण आध्यात्मिक नव्हते. माझ्या दोन्ही कानांत एक बारीक, तीव्र शिट्टी सतत वाजत असते आणि रात्री घर शांत झाले की ती झोपू देत नाही. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः कर्णनादाचा त्रास असलेल्यांसाठी आहे. चक्रशुद्धीसाठी किंवा आभामंडळासाठी वस्तू शोधणाऱ्यांना त्यातून फारसे काही मिळणार नाही.

आधी थोडी वैद्यकीय पार्श्वभूमी सांगते, कारण तिच्याशिवाय पुढची तुलना समजणार नाही. श्रवणचाचणीच्या आलेखात माझी रेघ चार हजार हर्ट्झच्या आसपास खाली घसरलेली दिसली. कानतज्ज्ञांनी समजावले ते असे: अंतर्कर्णातील केसपेशी एकदा निकामी झाल्या की त्या पट्टीतील ध्वनी मेंदूपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत, मग मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवत नेतो आणि त्या वाढलेल्या पातळीवर जे ऐकू येते ती ही शिट्टी. ती घालवणारे औषध नाही, मात्र तिची सवय होऊ शकते, आणि त्यासाठी निःशब्द शांतता टाळावी, असा त्यांचा सल्ला होता. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल किंवा ऐकू येणे अचानक कमी झाले असेल, तर वाद्यांच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे, आणि तेही त्याच दिवशी.

पहिल्यांदा घेतले ते नादपात्र, कारण ते स्वस्त होते आणि टेबलावर शोभणारेही होते. सात ग्रहांचे सात धातू वगैरे जे सांगितले जाते त्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. ते कासे आहे, म्हणजे तांबे आणि कथिल. आपल्याकडे तळपायाला तूप लावून ज्या वाटीने घासतात, तिचाच हा धातू. प्राचीन तिबेटी उपचारपद्धती म्हणून त्याची जी ख्याती झाली, तीही फार जुनी नाही. ती प्रामुख्याने १९७० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत वाढली आणि तिथून आपल्याकडे आली. याचा अर्थ आवाज वाईट आहे असा नव्हे. लाकडी दांडा काठावरून फिरवला की जो लहरत जाणारा सूर निघतो, तो खरोखरच सुंदर असतो. ती लहर का येते, हेही समजून घेण्यासारखे आहे. हाताने घडवलेले पात्र तंतोतंत गोल नसल्यामुळे त्यातून अगदी जवळजवळचे दोन स्वर एकदम निघतात आणि त्यांच्यातील फरक आपल्याला हेलकाव्यासारखा ऐकू येतो. एक स्वर २२० हर्ट्झचा आणि दुसरा २२२ चा असेल, तर सेकंदाला दोन हेलकावे.

माझ्या तक्रारीवर मात्र या पात्राचा उपयोग झाला नाही, उलट काही रात्री त्रास वाढल्यासारखा वाटला. ठोका दिला की सुरुवातीला सर्व स्वरांश, म्हणजे एका आवाजात मिसळलेले वेगवेगळ्या उंचीचे सूर, असतात, पण वरचे लवकर विरतात आणि शेवटी एक खालचा, गोलसर सूर तेवढा रेंगाळतो. माझी शिट्टी आहे वरच्या पट्टीत, म्हणजे जिथे सोबत हवी तिथे पात्र सर्वांत आधी गप्प होते. शिवाय सूर विरत गेला की कान आपोआप त्याचा माग काढत शांततेत उतरतो, आणि त्या शांततेत शिट्टी असतेच. ध्यानाला बसणाऱ्याला नेमकी हीच उतरण हवी असते, हे मला मान्य आहे. अमेरिकेत ६२ जणांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नादपात्रांच्या सत्रानंतर ताण, चिडचिड आणि थकवा कमी झाल्याचे नोंदले गेले. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे श्रेय पात्रांना द्यायचे की तासभर स्वस्थ पडून राहण्याला, हे त्यावरून ठरत नाही. पात्र आता आमच्या आईकडे आहे आणि तिला ते आवडते.

याच काळात एका ‘साउंड बाथ’च्या वर्गालाही जाऊन आले. तिथे मार्गदर्शकांनी माझी तक्रार ऐकून अतिशय आनंदाने सांगितले की, तुमचा अनाहत नाद, म्हणजे आघाताविना आत उमटणारा नाद, जागा झाला आहे, त्याला रोग समजू नका. हे ऐकणारी मी एकटीच नसणार, म्हणून या मुद्द्यावर थोडे थांबते. हठयोगप्रदीपिका या योगग्रंथाच्या चौथ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, नादानुसंधान (आतल्या नादावर लक्ष लावण्याची साधना) सविस्तर आले आहे. कान, डोळे, नाक आणि तोंड बंद करून आत ऐकावे, आणि मग आधी समुद्र, मेघ व भेरी यांसारखे, पुढे शंख आणि घंटेसारखे, शेवटी किंकिणी, वेणू, वीणा आणि भ्रमरासारखे नाद ऐकू येतात, असे तिथे म्हटले आहे. आता दुसरीकडचे पाहा. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी कानाची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवून काय ऐकू येते ते नोंदवायला सांगितले, तेव्हा ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकल्याचे सांगितले. बाहेरचा आवाज थांबवला की आतला ऐकू येतो, ही गोष्ट योग्यांना शेकडो वर्षे आधी ठाऊक होती, हे कबूल करायलाच हवे. पण त्यांच्या साधनेत तो नाद एक पायरी आहे, ती चढून मन लयाला न्यायचे असते. नादाकडे जाणारा साधक आणि नाद ज्याच्या मागे लागला आहे असा रुग्ण, या दोघांना एकाच चटईवर बसवू नये. आपल्या वैद्यांनी तसे केले नव्हते. सुश्रुताने कर्णनाद रोगांतच मोजला आहे, त्याला सिद्धी म्हटलेले नाही.

तंबोऱ्याकडे वळले ते लहानपणी गाण्याच्या क्लासला जात असे त्या आठवणीने, आणि मिरज आम्हाला फार लांब नाही म्हणून. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये करायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे बहुतेक पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, भीमेकाठचे. मी आकाराने लहान, लेडीज तंबोरा घेतला. हार्मोनियमच्या काळी चारला लावते, म्हणजे षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या जोडाच्या आणि शेवटची खर्जाची.

या वाद्याचे सगळे मर्म जवारीत, म्हणजे घोडीच्या माथ्याच्या घडणीत आहे. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा सपाट नसून अगदी हलकासा उतरता असतो. तार त्यावर कडेने टेकते आणि कंप पावताना त्याला घासत राहते. तारेखाली एक सुती दोरा असतो. तो केसभर पुढे सरकवला की आवाज एकदम उघडतो, म्हणजे मूळ स्वराच्या वर स्वरांशांची रांग उभी राहते, आणि जरा जास्त सरकला की तीच तार ठसक्याविना मंद बोलू लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिले तेव्हा नेमका हाच मुद्दा मांडला. साध्या तारेला जिथे छेडावे तिथे ज्या स्वरांशांचा स्थिरबिंदू (कंप नसलेली जागा) असतो ते उमटायला नकोत, पण या घोडीमुळे तेही जोरात उमटतात. मोबाइलवरील ध्वनिपट दाखवणाऱ्या ॲपमध्ये पाहिले तर माझ्या तंबोऱ्याच्या रेघा तीन हजार हर्ट्झच्या पलीकडेही चढलेल्या दिसतात, आणि नादपात्राच्या मोजक्या रेघा त्याच्या कितीतरी खाली संपतात. खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गांधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ॲपची गरज नाही.

परिणाम कसा झाला? शिट्टी कमी झालेली नाही. तंबोरा वाजत असताना ती त्या स्वरांशांत मिसळते आणि लक्ष तिच्यावरून उठते, एवढेच घडते आणि माझ्यासाठी ते पुरेसे आहे. आवाज किती ठेवावा, हे इथे महत्त्वाचे आहे. कर्णनादाचे संशोधक जास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये कर्णनादाची जी मज्जाशास्त्रीय मांडणी केली, तिच्यावर आधारलेल्या उपचारात ध्वनी शिट्टीपेक्षा किंचित खाली ठेवतात, म्हणजे दोन्ही ऐकू येत राहतात. शिट्टी पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय होणार कशी? म्हणून निजण्यापूर्वी अर्धा तास मी बोटांनी अगदी हलके, न थांबता तारा छेडते आणि नंतर त्याच तंबोऱ्याचे स्वतः केलेले ध्वनिमुद्रण बारीक आवाजात उशाशी सुरू ठेवते. साधारण तिसऱ्या महिन्यापासून झोप लागण्याची वाट पाहणे कमी झाले. मध्यरात्री जाग आली तर मात्र अजूनही त्रास होतो.

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याबद्दल थोडक्यात. प्रवासात तो सोयीचा आहे, सूर उतरत नाही, रात्रभर चालतो. पण माझ्या यंत्रात एकच आवर्तन तंतोतंत पुन्हा येते, आणि एकदा कानाने ती पुनरावृत्ती पकडली की पुढच्या फेरीची वाट पाहणे सुरू होते. खऱ्या तंबोऱ्यात बोटाचा दाब दर वेळी थोडा निराळा असतो, त्यामुळे कानाला पकडायला काही मिळत नाही. संगीताचे शिक्षण नसलेल्यांना कदाचित हे जाणवणार नाही.

ओंकार आणि भ्रामरीचा अनुभव वेगळा आहे. कान अंगठ्यांनी बंद करून गुंजन केले की कवटीतून येणारा आपलाच खालचा आवाज प्रचंड मोठा होतो, आणि थांबल्यावर थोडा वेळ शिट्टी खरोखर मंदावते. बाहेरून ध्वनी दिल्यानंतर काही सेकंद कर्णनाद दबून राहतो हे श्रवणशास्त्रात परिचित आहे, त्यात चमत्कार नाही. टिकाऊ लाभ मला दिसला तो श्वासाचा. इटलीतील बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २३ जणांना रोझरीची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणायला लावले, तेव्हा दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील २०११ च्या अभ्यासात ओंकाराच्या वेळी मेंदूच्या भावनांशी निगडित भागांची हालचाल मंदावलेली दिसली, नुसता ‘स्स’ म्हटल्यावर तशी दिसली नाही. अभ्यास लहान आहे, पण आपल्याकडे तो असा सांगितला जातो की जणू प्रश्न सुटलाच. तीच गत स्वीडनमधील २००२ च्या शोधाची. गुंजनाने नाकातील नायट्रिक ऑक्साइड पंधरा पटींनी वाढते हे खरे, पण ते नाक आणि सायनसबद्दल आहे, त्यावर गुडघेदुखीचे वर्ग चालवण्याचे कारण नाही.

परंपरेच्या बाजूने मला सर्वांत जवळचा वाटला तो शार्ङ्गदेव, आणि त्याचे एक कारण खासगी आहे. तेराव्या शतकात देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी तो हिशेबखात्याचा प्रमुख होता, आणि मीही हिशेबतपासनीसच आहे. संगीतरत्नाकर या आपल्या संगीतग्रंथाच्या आरंभी त्याने गर्भाची वाढ, शरीर आणि चक्रे यांचे वर्णन करून मग नादाकडे जाण्याची वाट धरली आहे. मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात, ही त्याची विभागणी कोणीही छातीवर हात ठेवून पडताळू शकतो, कारण खर्जाचा कंप हाताला जाणवतो. हृदयातील बावीस नाड्यांतून बावीस श्रुती निघतात, हे मात्र शरीरशास्त्रात सापडत नाही. एकाच ग्रंथातील एक विधान हाताला लागते आणि दुसरे लागत नाही, म्हणून सगळा ग्रंथ विज्ञान किंवा सगळा ग्रंथ थोतांड ठरवण्याची घाई मला समजत नाही. ४३२ हर्ट्झच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ‘विश्वाच्या मूळ कंपना’ला तर असा ग्रंथाधारही नाही. आपल्या पद्धतीत षड्ज गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो, त्याला कोणताही ठरावीक हर्ट्झ कधीच नव्हता.

आता ज्यांना खरेदी करायची आहे त्यांच्यासाठी. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात कर्णनादावरील ध्वनियंत्रे आणि श्रवणयंत्रे यांचे ८ अभ्यास, म्हणजे ५९० रुग्ण तपासले गेले आणि ही साधने नाममात्र उपचारापेक्षा (प्लासिबोपेक्षा) सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्याच संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २८ अभ्यासांवरून बोधात्मक वर्तनोपचाराने, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने, कर्णनादाचा जीवनावरील भार कमी होऊ शकतो, असे दिसले. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी समुपदेशकाकडे जावे. मी दोन्ही केले, त्यामुळे झोप सुधारण्यात तंबोऱ्याचा वाटा किती, हे मला वेगळे काढता येत नाही. तंबोरा नादपात्राच्या कितीतरी पट महाग पडतो आणि सांभाळायला कटकटीचा आहे. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडतात, सूर बारीक जुळवण्याचे तारांवरचे मणी सरकवूनही सूर स्थिर राहत नाही, भोपळ्याला धक्का लागण्याची धास्ती कायम असते. ज्यांना सूर लावता येत नाही त्यांनी आधी महिनाभर कोणाकडून तरी शिकून घ्यावे, कारण बेसूर तंबोरा कर्णनादाहून अधिक छळतो. रोजच्या घर्षणाने माझ्या घोडीवर तारांच्या खाचा पडू लागल्या आहेत आणि खर्जाची तार दबकी बोलते आहे. जवारी काढणारा कारागीर आमच्या गावात नाही, तेव्हा नवरात्राच्या आधी वाद्य मिरजेला न्यावे लागेल आणि तेवढे दिवस इलेक्ट्रॉनिकवर भागवावे लागेल.