हार्ड टॉपच्या नावाखाली बाहेरचं फायबर आणि डांबराचं साउंडप्रूफिंग

'हार्ड टॉपला वेटिंग आहे साहेब, सॉफ्ट टॉप लगेच देतो, वर टॉप आपण बसवून देऊ.' महिंद्राची थार घ्यायला गेल्यावर हे वाक्य कानावर पडलं, तर सही करण्याआधी पुढचं वाचा. पुण्यातल्या एका डीलरने मला याच वाक्यावर गुंडाळलं. नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

२ ऑक्टोबर २०२० ला आलेल्या ३ दारांच्या थारमध्ये कापडी छताची कन्व्हर्टिबल आणि फायबरचा हार्ड टॉप हे पर्याय कारखान्यातूनच मिळायचे. व्हेरियंट वेगळे, इनव्हॉइसवरचं नावही वेगळं. कापडी छत हौसेला छान, पण एक्स्प्रेसवेवर वाऱ्याचा आवाज थेट आत येतो. घरातल्यांना लांबच्या प्रवासात ओरडून बोलायचं नव्हतं, म्हणून मला हार्ड टॉपच हवा होता.

सेल्समनने पॅकेज काढलं: हार्ड टॉप आणि दारं-फ्लोअरला ब्यूटिल शीट (आवाज कमी करायला पत्र्याला चिकटवतात ती रबरी शीट) मिळून ९५ हजार. 'सगळं कंपनीचंच, सर.' वर एक प्रयोगही करून दाखवला. शोरूममधल्या दुसऱ्या गाडीत बसवलं, काचा लावल्या, इंजिन चालू ठेवून मोबाइलच्या ॲपवर डेसिबल दाखवले. आकडा छानच होता. उभ्या गाडीत तो छानच येणार! ८०च्या वेगाला केबिनमध्ये जो गोंगाट होतो तो वाऱ्याचा आणि टायरचा, आणि दोन्ही शोरूमच्या फरशीवर नसतात. तुलना करायचीच तर तोच रस्ता, तोच वेग, एसीचा फॅन त्याच नंबरवर, आणि शीट लावायच्या आधी व नंतर तीच गाडी.

डिलिव्हरीला दोन कागद मिळाले. टॅक्स इनव्हॉइसवर कन्व्हर्टिबल. टॉप आणि शीटची पावती मात्र कुठल्या तरी ॲक्सेसरीजवाल्याच्या नावाची, जीएसटी नंबर नाही, वॉरंटीचा रकाना कोरा. विचारलं तर 'आमचंच सिस्टर कन्सर्न आहे' म्हणे.

पावसाळ्यात ताम्हिणीत मागच्या सीटवर पाणी ठिबकायला लागलं. टॉप आणि बॉडीच्या मधलं रबर कोपऱ्यात नीट बसलंच नव्हतं, आणि जिथून पाणी येतं तिथून वाराही शिट्टी मारतो. शोरूमवाल्यांनी सिलिकॉन थापून परत पाठवलं.

शीटचं पितळ एप्रिलच्या उन्हात उघडं पडलं. दुपारी दार उघडलं की नव्या रस्त्यासारखा वास यायचा. शेवटी ओळखीच्या कार डेकोरवाल्याकडे दाराचं ट्रिम, म्हणजे आतलं कव्हर, उघडलं. आत तळहाताएवढे चंदेरी तुकडे, तेही स्पीकरच्या आसपासच. बाकी पत्रा कोरा. एका तुकड्याचा कोपरा सुटून लोंबत होता. बोट लावलं तर काळा चिकटा लागला, रॉकेलनेच निघाला. डेकोरवाला हसला, 'साहेब, हे डांबर आहे. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं.' ब्यूटिल ओढलं तर रबरासारखं ताणतं आणि उन्हात असं ओघळत नाही. वरून चंदेरी फॉइल दोन्हींना असतं, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही.

खरं ब्यूटिल लावलं असतं तरी छतातून येणारा वारा थांबला नसता. अशा डॅम्पिंग शीटचं काम पत्र्याची थरथर मारणं. फटीतून येणारा आवाज रबर बीडिंगनेच अडतो. आणि कंपनीचा हार्ड टॉपही फायबरचाच, त्यामुळे पत्र्याच्या छताच्या एसयूव्हीएवढी शांतता कोणी कबूल करत असेल तर तिथेच सावध व्हा.

तक्रार केली तर मॅनेजर म्हणतो, इनव्हॉइस बघा, आम्ही कन्व्हर्टिबल विकली आणि कन्व्हर्टिबलच दिली. कागदोपत्री त्याचं बरोबर! म्हणून बुकिंग फॉर्मवर व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या, डिलिव्हरीआधी ते इनव्हॉइसशी ताडून बघा, आणि सेल्समनची आश्वासनं व्हॉट्सॲपवर मागा. माझ्याकडे 'सगळं कंपनीचं' हा त्याचा मेसेज आहे, आज तोच कामाला येतोय. बाहेरून टॉप बसवलाच असेल तर विमा कंपनीला कळवा, नाहीतर क्लेममध्ये त्याचे पैसे धरत नाहीत.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. डीलरकडून फुकट सर्व्हिसिंगची कुपनं आली, ती परत केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मात्र फसवणूक झाल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं.