इस्सावरची हायकू कार्यशाळा, नाशिक: चरित्र चोख, मोजणी कच्ची

कॉलेज रोडला दोन रविवार, प्रत्येकी तीन तास चालणारी ही कार्यशाळा एकाच जपानी कवीवर आहे: कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८). ही निवड फार चांगली. हायकूचा आद्य गुरू मानल्या जाणाऱ्या बाशोचे हायकू हजाराच्या आसपास, इस्साचे वीस हजारांच्या. माशी, गोगलगाय, बेडूक यांच्याशी तो शेजाऱ्यासारखा बोलतो, त्यामुळे नवख्यालाही आत शिरता येतं.

पहिला रविवार चरित्राचा. काशिवाबारा हे बर्फाळ खेडं, लहानपणीच गेलेली आई, चौदाव्या वर्षी एदोला (आजच्या टोकियोला) रवानगी, वडील १८०१ मध्ये वारल्यावर सावत्र आई आणि भावाशी वाटणीचा वाद थेट १८१३ पर्यंत. पन्नाशीत किकूशी लग्न, आणि तिची चारही मुलं दगावली. १८२७ च्या आगीत घर जळालं आणि मातीच्या भिंतींच्या कोठारात त्याचे शेवटचे दिवस गेले. हे सगळं रडगाणं न करता, कवितांच्या सोबतीने सांगितलं जातं.

घोळ होतो दुसऱ्या रविवारी. हायकूच्या तीन ओळींचं पाच-सात-पाच हे माप म्हणजे मराठी अक्षरं, असं ठामपणे शिकवलं जातं. जपानी मोजणी अक्षरांची नाही. ‘इस्सा’ आपल्याकडे दोन अक्षरं, जपानीत तीन मात्रा, कारण जोडाक्षरातला थांबाही मोजतात. दीर्घ स्वराच्या दोन. आपल्या मात्रावृत्तांची सवय असलेल्याला हे पाच मिनिटांत कळेल. ते न सांगितल्यामुळे सरावाच्या कागदांवर ‘बघ’, ‘तो’, ‘जसा’ अशी भरताड होते. त्यात यमकाचा आग्रह. कवयित्री शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूत दोन ओळींचं यमक शोभतं, पण जपानी मुळात यमक नाही. अनुवादात ते ओढून आणलं की कविता मोडते.

याचं ठळक उदाहरण त्यांच्याच टिपणात आहे. साल १८१९, मुलगी सातो देवीने गेली, तेव्हाचा दवाचा हायकू. टिपणातली शेवटची ओळ ‘तरीही मन रमते’ अशी आहे. इस्साने वाक्य पुरं केलेलंच नाही. ‘नागारा’ हा शब्द दोनदा येतो आणि कविता तिथेच अडते:

दवाचं जग
दवाचंच, तरीही,
असं तरीही

‘मन रमते’ लिहिणाऱ्याने बापाचा हुंदका पुसून टाकला.

ऋतुशब्दांचा तास मात्र या सगळ्याची भरपाई करतो. चेरीचा मोहोर उसना न घेता नाशिकचे शब्द फळ्यावर येतात: द्राक्षबागांची ऑक्टोबरची गोडी छाटणी, निफाडची थंडी, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेलं पुराचं पाणी. एका शब्दात महिना कळतो, आणि ऋतुशब्दाचं कामच ते. शब्द निवडल्यावर दुसरी प्रतिमा त्याचं स्पष्टीकरण देणारी नको, नुसती शेजारी ठेवायची, ही सूचनाही नेमकी.

लेखनाला शेवटची चाळीसच मिनिटं मिळतात. त्यात एक हायकू होतो, तो तपासून घ्यायला वेळ उरत नाही. म्हणून आपला ऋतुशब्द घरूनच ठरवून जावं.