कार्पेट चिकटवण्याआधी डेक उघडा बघून घ्या

ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीवर मासेमारीसाठी हलका डेक, म्हणजे उभं राहायला सपाट फळी, बसवून घेताना माझी सरळसरळ फसवणूक झाली. पैसे गेले ते गेलेच, पण अशा कामात उद्या कोणाचा जीवही जाऊ शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

ठरलं होतं ते असं: ॲल्युमिनियमच्या अँगलची चौकट, त्यावर 12 मिलिमीटरचा मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा प्लायवूड), प्लायच्या सगळ्या कडांना इपॉक्सी (पाणी आत शिरू न देणारा रेझिनचा लेप), बाकांखालचा फोम जसाच्या तसा आणि वरून कार्पेट. कारागिराने हे सगळं स्वतःच्या वहीत लिहून घेतलं होतं. होडी हातात आली तेव्हा काम देखणं दिसत होतं.

पाण्यात उतरवल्यावर मात्र मागची बाजू पूर्वीपेक्षा स्पष्ट खाली बसली. विचारलं तर म्हणे, "डेक आला की वजन येणारच, साहेब." हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. 12 मिलिमीटरचा प्लाय एका चौरस मीटरला साधारण सात-आठ किलो भरतो आणि ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश. डेक किती चौरस मीटरचा आहे हे माहीत असलं की एकूण वजनाचा अंदाज कागदावरच येतो. माझा हिशेब काही केल्या जुळेना.

मग झाकणाच्या फटीतून लोहचुंबक आत सरकवला. चौकटीला तो टकदिशी चिकटला. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. चंदेरी रंग मारलेले लोखंडी चौकोनी पाइप होते ते, आणि थेट होडीच्या पत्र्यावर टेकवलेले. वजनापेक्षाही हे वाईट. लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं, विशेषतः खारं, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कार्पेट उचललं तेव्हा पाइपांच्या कडेने पांढरी भुकटी साचली होती; ती खरवडली तर खाली पत्र्यात बारीक खड्डे. तांब्याचं रसायन मुरवलेलं हिरवट लाकूडही ॲल्युमिनियमला असाच त्रास देतं, तेव्हा "ट्रीटमेंट केलेलं आहे, कुजणार नाही" असं कोणी सांगितलं तर कसली ट्रीटमेंट ते विचारा.

प्लायचा एक तुकडा कापून पाण्यात उकळत ठेवला. थोड्याच वेळात त्याचे पदर सुटले. मरीन प्लायचा गोंद उकळत्या पाण्यात टिकायला हवा. कडांना इपॉक्सी नव्हतंच, नुसता रंग होता.

पण मला खरा संताप आला तो बाकांखाली बघून. मूळचा फोम काढून टाकला होता आणि त्याच्या जागी पॅकिंगच्या थर्माकोलचे चार तुकडे कोंबले होते. होडीत पाणी भरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून तो फोम असतो. माणसांना धरून राहायला काहीतरी उरतं ते त्याच्यामुळे. थर्माकोलवर पेट्रोल सांडलं तर तो विरघळून जातो, आणि इंजिनवाल्या होडीत पेट्रोल सांडतंच. वर मधला बाक "जागा मोकळी होते" म्हणून कापला होता. त्या बाकाने दोन्ही बाजू ताणून धरलेल्या असतात. तो गेल्यावर लाटेत पत्रा लवायला लागला आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटमधून पाणी झिरपू लागलं.

कारागीर आता म्हणतो, असं काही ठरलंच नव्हतं. वही त्याच्याकडे आहे. म्हणून मालाची यादी दोघांच्या सहीने तुमच्याकडे ठेवा आणि चौकट उघडी असतानाच फोटो काढा, चुंबक लावा, प्लायचा उरलेला तुकडा मागून घ्या. मधल्या बाकाला हात लावायचा असेल तर आधी दुसरा आडवा आधार बसवायला सांगा. फोम काढावा लागलाच, तर तेवढ्याच आकारमानाचा, पाणी न शोषणारा फोम परत आत गेलेला डोळ्यांनी बघा. शेवटचा हप्ता होडी किनाऱ्यालगत पाण्यात तरंगताना बघितल्यावरच द्या.