बाटलीतली ऊस रोपं घरीच कणखर केली: आठ महिन्यांचा अनुभव

ऑगस्टच्या सुरुवातीला को ८६०३२ या ऊस जातीची ७०० ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली) रोपं थेट बाटलीतली आणली. बाहेरच्या हवेला सरावलेल्या, म्हणजे कणखर केलेल्या तयार रोपांपेक्षा स्वस्त पडली. शेडनेट घरचं, पाऊसही चालू, म्हणून जगतील असं धरून चाललो. पंधरा दिवसांत २८० गेली.

पाणी कमी नव्हतं. बाटलीत हवा कायम दमट आणि साखर आयती मिळते. त्या पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, पर्णरंध्रंही वेळेवर मिटत नाहीत. माझ्या नेटची पश्चिमेची बाजू उघडी होती; त्या वाऱ्याने रोपं भर पावसात सुकली. माना टाकल्या म्हणून मी आणखी पाणी घातलं, तर काही बुडाशी कुजली. विक्रेत्याच्या कागदावर फक्त 'सावलीत ठेवा' एवढंच होतं. एवढ्यावर शेतकऱ्याने काय करायचं?

महिनाअखेरीस पुन्हा ७०० आणली. मुळांची जेली पूर्ण धुतली, कारण ती राहिली की तिथेच बुरशी धरते. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून कोकोपीट-गांडूळखताच्या ट्रेत लावली आणि नेटखालीच बांबूच्या कमानींवर प्लॅस्टिक टाकलं. आठ दिवस पूर्ण बंद, दिवसातून चारदा पंपाने बारीक फवारा. नंतर सकाळी तासभर एक टोक उघडं, मग रोज थोडं जास्त. तीन आठवड्यांनी प्लॅस्टिक काढलं, सहाव्या आठवड्यात ट्रे उन्हात. ६६० जगली.

दिवस मोजू नका, पान बघा. बाटलीतलं पान गवतासारखं मऊ असतं आणि पिवळं पडून जातं, त्याने घाबरू नका. नव्या पानाची कडा बोटाला खरखरीत लागली की रोप बाहेर काढायला तयार.

ऑक्टोबरअखेर दहा गुंठ्यांत ५ बाय २ फुटांवर लागण केली. शेंड्याची पानं छाटून, संध्याकाळी, वाफशावर (जमीन ओलसर पण चिखल नसताना). नांग्या (रोप मरून रिकाम्या पडलेल्या जागा) जेमतेम २३. जेठा (मधला पहिला) कोंब काढल्यावर फुटवे जोरात आले, आता बेटाला सरासरी १४ आहेत. ऊस बारीक आहे, पण पहिल्या पिढीत तसंच होतं. म्हणून ही रोपं गाळपासाठी नव्हे, बेण्यासाठीच लावा. जुन्या बेण्यात खोडव्याला (तोडणीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या पिकाला) हमखास येणारी गवताळ वाढ, म्हणजे बेट गवतासारखं होण्याचा रोग, इथे एकाही बेटात अजून दिसलेली नाही.

दिवसातून चारदा ट्रेपाशी जाणं जमणार नसेल, तर तयार रोपंच घ्या. जुलैअखेर हा मळा तोडून आडसालीला (पावसाळ्यातल्या लागणीला) दोन एकर लावणार आहे.