स्वानुभवाच्या निबंधाचा आराखडा: माइंड मॅप, कार्डं की आवाजाची नोंद?

पाचवी ते आठवीच्या मुलांना ‘न विसरता येणारा प्रसंग’ लिहायला सांगितला, की निम्म्या वह्यांत तीच सहल निघते आणि ‘हा दिवस मी कधीच विसरणार नाही’ यावर संपते. मुलांजवळ सांगण्यासारखं नसतं असं मुळीच नाही. तीच मुलं मधल्या सुट्टीत घरातली भांडणं, पडलेले दात, हरवलेली शेळी रंगवून सांगत असतात. अडतं ते बोलणं संपून लिहिणं सुरू होण्याआधीच्या टप्प्यावर, म्हणजे आराखड्यावर. आता शाळेत चार संगणक आहेत, शिक्षकांच्या हातात फोन आहे. मग आराखडा शिकवायला त्यांतलं काय वापरावं? माझ्या मते खरी निवड तिघांत आहे: माइंड मॅप (मध्ये विषय आणि त्याला फुटलेल्या मुद्द्यांच्या फांद्या असं चित्र), जागा बदलता येणारी कार्डं आणि आवाजाची नोंद.

तुलना कोणत्या निकषावर करायची, हे आधी ठरवू. ‘पाण्याचे महत्त्व’ लिहायचं असतं तेव्हा मुद्दे जमवावे लागतात. स्वानुभव लिहिताना मुद्दे डोक्यात आधीच असतात, उलट फार असतात. तिथे आराखड्याचं काम म्हणजे एक प्रसंग निवडणं, बाकीचं सोडून देणं आणि उरलेल्याचा क्रम लावणं. म्हणून प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारावा: हे मुलाला वगळायला मदत करतं का?

माइंड मॅप इथे कमी पडतो. शिक्षक प्रशिक्षणांत तो फार लोकप्रिय आहे, दिसतोही देखणा. फ्रीप्लेनसारखं मोफत सॉफ्टवेअर जुन्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतं, कॅन्व्हात तयार साचे मिळतात. पण त्याची रचनाच पसरण्याची आहे. एक उदाहरण घेऊ. मुलाने मध्ये ‘आमच्या गावची जत्रा’ लिहिलं. फांद्या फुटल्या: देऊळ, पाळणे, खाऊ, गर्दी, पाहुणे. प्रत्येक फांदीचा एक परिच्छेद झाला आणि निबंध जत्रेच्या माहितीपत्रकासारखा वाचायला लागला. त्या दिवशी त्या मुलाचं काय झालं, ते कुठेच आलं नाही. शिवाय माइंड मॅपमध्ये आधी-नंतर नसतं, सगळ्या फांद्या एकाच वेळी समोर असतात. प्रसंग सांगायचा तर आधी-नंतर हाच त्याचा कणा. विषयच सुचत नसेल त्या दिवशी पहिली दहा मिनिटं माइंड मॅप काढायला हरकत नाही. वैचारिक निबंधाला तर तो उत्तमच. प्रसंगाला नको.

आता त्याच मुलाला फोनवरच्या साध्या रेकॉर्डरसमोर दोन मिनिटं बोलू द्या. तो सांगतो: ‘पाळणा वर गेला आन् लाइटच गेली. चुलतभाऊ रडाया लागला. मी त्याला म्हनलं, ते बघ आपलं घर. पन घर दिसतच नव्हतं, समदा अंधार. तरी मी दाखवतच राहिलो.’ निबंध इथे आहे. लिहायला बसवलं असतं तर हे वाक्य त्याने लिहिलं नसतं, कारण ‘निबंधात असं लिहीत नाहीत’ हे त्याला चौथीतच कळलेलं असतं.

रेकॉर्डर आणि बोलून टाइप करण्याची सोय यांत मी स्पष्टपणे रेकॉर्डरच्या बाजूने आहे. फोनवरचा जीबोर्ड कळफलक किंवा गूगल डॉक्स मराठी बोलणं अक्षरांत उतरवतात आणि प्रमाण मराठीत, सावकाश बोललं तर बरंच बरोबर उतरवतात. पण अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलाचे शब्द पडद्यावर भलतेच उमटतात. मग ते मूल आपल्या बोलीला लाजतं किंवा यंत्राला समजेल असं बोलायला लागतं. दोन्ही नुकसानच. विरामचिन्हंही नंतर हाताने घालावी लागतात आणि सगळं लक्ष दुरुस्तीत जातं. रेकॉर्डरला बोलीचं वावडं नाही, खातं लागत नाही, इंटरनेट लागत नाही. उणीव एकच: बोलण्याला क्रम नसतो. मूल मधूनच सुरू करतं, मागे जातं, पुन्हा सांगतं. म्हणजे आवाजाच्या नोंदीवर काम संपत नाही.

तिथून पुढे कार्डं. स्वतःचीच नोंद ऐकत मुलाने एका कार्डावर एकच गोष्ट लिहायची, सहा ते आठ कार्डं पुरेत. ‘लाइट गेली.’ ‘भाऊ रडायला लागला.’ ‘मी घर दाखवलं.’ ‘आई खाली हाका मारत होती.’ ‘जत्रा शंभर वर्षं जुनी आहे.’ मग दोन कार्डं काढून टाकायची सक्ती. शंभर वर्षांचं कार्ड जातं. ते जाताना मूल थोडं हटून बसतं, आणि मला तो क्षण फार मोलाचा वाटतो. ‘पण ते खरं आहे ना, बाई!’ खरं आहे, पण या गोष्टीचं नाही, हे त्याला तिथे पहिल्यांदा समजतं. नंतर क्रम. ‘सकाळी लवकर उठून’ हे कार्ड मागे जातं आणि ‘लाइट गेली’ पुढे येतं.

कार्डांसाठी साधनं बरीच आहेत. पॅडलेट या ऑनलाइन फलकावर मुलं दुव्यावरून खात्याशिवायही लिहू शकतात, आवाज किंवा फोटो जोडू शकतात, आणि नोंद दिसण्याआधी शिक्षकाची मंजुरी लागेल अशी सोयही आहे. मात्र मोफत खात्यात मोजकेच फलक मिळतात आणि नेट गेलं की तास गेला. टिपणं ठेवायचं गूगल कीप फोनवर सुटसुटीत आहे, पण खातं लागतं. भारतात 13 वर्षांखालच्या मुलाला गूगल खातं पालकांच्या देखरेखीखालीच काढता येतं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. पोरं या निबंधांत घरातल्या गोष्टी सांगतात, तेव्हा त्या कुठे साठतात हे शिक्षकाने बघायलाच हवं. आणि ऑनलाइन फलक कायम राहतीलच असं नाही. गूगलचा जॅमबोर्ड कितीतरी शाळांत वापरात होता, तो 2024 च्या अखेरीस बंद झाला.

म्हणून माझी पसंती सर्वांत साध्या गोष्टीला आहे: पॉवरपॉइंट किंवा लिबरऑफिस इम्प्रेस. एका स्लाइडवर एक वाक्य. मग स्लाइड सॉर्टर उघडायचा, सगळ्या स्लाइड लहान होऊन समोर येतात, माऊसने उचलून मागेपुढे करायच्या. नेट नको, खातं नको, फाइल शाळेच्या संगणकातच राहते. टायपिंगला वेळ लागतो हे खरं, पण एका स्लाइडवर पाच-सहा शब्दच असतात. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकासोबत इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलकही आहे, मुलं तो लवकर उचलतात.

चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून आराखडा करून घ्यावा का, असं पालक हल्ली विचारतात. या वयाला आणि या लेखनप्रकाराला नको. पाळण्यात काय झालं हे त्याला माहीत नसतं, म्हणून ते सरासरी जत्रा देतं. ते 13 वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीच, आणि 18 पर्यंत पालकांची परवानगी लागते.

साधन कोणतंही घेतलं तरी पायऱ्या शिकवाव्याच लागतात. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी 2007 मध्ये चौथी ते बारावीच्या लेखन-अध्यापनावरचे प्रयोग एकत्र तपासले. आराखडा आणि सुधारणेच्या पायऱ्या पद्धतशीर शिकवण्याच्या परिणामाचं माप (आकडा मोठा, तितका परिणाम जास्त) 0.82 आलं, संगणकावर लिहिण्याचं 0.55 आणि नुसत्या लेखनपूर्व कृतींचं 0.32. फलक उघडून ‘करा आराखडा’ म्हणणं त्या शेवटच्या गटात मोडतं. आधी शिक्षकाने स्वतःचा एखादा प्रसंग वर्गासमोर बोलून, कार्डं करून, दोन काढून टाकून दाखवायला हवा.

दहावीला प्रसंगलेखन कागदावरच करायचं असतं, हेही विसरून चालत नाही. कार्डांची सवय तिथे सहज जाते: शेवटच्या पानावर पेन्सिलीने सहा तुटक वाक्यं, दोन खोडायची, उरलेल्यांना आकडे द्यायचे. बोलणंही मनातल्या मनात करता येतं.

तेव्हा शाळेत एकच फोन असेल तर रेकॉर्डर आणि कागदाच्या चिठ्ठ्या घ्या, काहीही अडणार नाही. संगणक कक्ष असेल तर रेकॉर्डर आणि स्लाइड सॉर्टर. नेट भरवशाचं असेल आणि मुलांनी एकमेकांची कार्डं वाचून प्रश्न विचारावेत असं वाटत असेल, तरच पॅडलेट, तेही खरी नावं न घालता. घरी एकाच मुलाला शिकवणाऱ्या पालकांनी फोनवर बोलून घ्यावं आणि चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर किंवा सतरंजीवर मांडाव्यात. चिठ्ठी काढून टाकायचा निर्णय मात्र मुलाचाच असू द्या.