डबीवर ३०एक्स, आत १०एक्स, तरी भिंग परत केलं नाही

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर नेचे (फर्न) बघायला जायच्या आधी एमजी रोडच्या बाजूच्या एका दुकानातून घडीचं भिंग घेतलं, ३५० रुपये, डबीवर चक्क ३०एक्स, म्हणजे तीसपट मोठं दिसणार, असं छापलंय. घरी येऊन पट्टी लावली तर पान स्पष्ट दिसतं साधारण अडीच सेंटीमीटरवर. नुसत्या डोळ्याने वाचायचं अंतर २५ सेंटीमीटर धरतात, २५ भागिले अडीच म्हणजे १०, झालं की, खरं ३०एक्स असतं तर जेमतेम ८ मिलिमीटरवर नाक घासावं लागलं असतं. म्हणजे गंडवलंच, पण खरं सांगू का, नेचे बघायला १०एक्सच बरं, डोंगरावरच्या वाऱ्यात ३०एक्सने दिसणार काय, कप्पाळ!

काचेला मात्र नावं ठेवणार नाही. आमच्या वाड्याच्या भिंतीत पन्हाळीखाली एक नेचा दरवर्षी उगवतो, त्याचं पान उलटं केलं तर कड आत दुमडलेली आणि दुमडीखाली तपकिरी भुकटीची रेघ. आई इतकी वर्षं तिला कीड समजून फिनेल ओतायची, ते बीजाणू निघाले, म्हणजे ज्यांतून नवा नेचा उगवतो ते कण. पान टेबललॅम्पखाली ठेवलं, सुकायला लागलं तशा बीजाणूंच्या बारक्या पिशव्या उघडून मागे ताणल्या जायच्या आणि फटकन पुढे यायच्या, अगदी गोफणीसारख्या. अर्धा तास हललो नाही, चहा गार.

अंजनेरीवर आमच्यातला एक पोरगा दर दोन मिनिटांनी "ही नवीन स्पीशीज असेल का हो?" करत होता. सोबतच्या बॉटनीच्या मॅडम म्हणाल्या, अरे बाळा, सावलीत वाढलं की तेच पान वेगळं दिसतं. पानाखालचे बीजाणूंचे ठिपके गोल की लांबट, त्यांवर पापुद्रा आहे का, खोडावरचे खवले कसे, हे सगळं हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहातल्या, जुन्या नमुन्यांशी ताडायचं, मग आपला नमुना तिथे जमा करायचा, वर्णन छापून आणायचं, तेव्हा कुठे नाव. वर्णनाला लॅटिनची सक्ती तेवढी २०१२ पासून गेली, इंग्रजीत चालतं. आपल्या सुरगाण्याच्या पलीकडे गुजरातच्या डांगात, आहव्याच्या जंगलात मिळालेला ऑफिओग्लॉसम नावाचा नेचा जेमतेम १ सेंटीमीटरचा, २०१८ला जगातला सगळ्यात छोटा जमिनीवरचा नेचा म्हणून छापून आला, तर त्याच्या बीजाणूंचं कवच इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलेलं, डीएनए वेगळंच. ते काम या साडेतीनशेच्या भिंगाचं नाही. खवले आणि पापुद्रे मात्र झकास दिसतात.

वापरायचं असेल तर भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवा आणि पानापर्यंत वाका, पान तोडू नका, अंजनेरी संरक्षित आहे. आम्ही सगळे चिखलात गुडघ्यावर बसलेलो बघून खाली उतरणारी एक मावशी म्हणाली, काय हरवलं का रे बाबांनो?

तक्रारी दोन. बाजूचा छोटा लाईट पहिल्याच पावसात गेला. घडीचा स्क्रू तिसऱ्या दिवशी ढिला, बायकोचं नेलपॉलिश लावून बसवलाय. दुकानदार म्हणतो विकलेला माल परत नाही. काचेला पाचपैकी साडेचार, स्क्रूला एक, आणि त्या छापलेल्या ३०ला शून्य. घेतलंत तर दोरी बांधूनच घ्या, ओल्या गवतात पडलं की शोधायला दुसरं भिंग लागतं.