३०० एमएम हातात धरून: खोक्यावरचे चार स्टॉप आणि गायब बटण

२४ मेगापिक्सलची, १.५ क्रॉपची (सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान) मिररलेस बॉडी आणि तिच्यावर ३०० एमएम फोकल लेंग्थपर्यंत जाणारी, टोकाला एफ/६.३ होणारी (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी) स्वस्त टेलीझूम, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स. हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर तिच्यात आहे आणि तो चार स्टॉपची मदत करतो असं खोक्यावर छापलंय; एक स्टॉप खाली म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून ती लिहीत बसत नाही. लिहायला बसायचं कारण सर्व्हिस सेंटर. ३०० ला फोटो मऊ, म्हणजे धूसर येतात म्हणून लेन्स दिली, तर तपासणीचे पैसे घेऊन ‘लेन्समध्ये दोष नाही’ असा कागद हातात ठेवला. कागद बरोबर निघाला, म्हणून जास्तच राग आला. ती तपासणी घरी फुकटात होते.

भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा आणि पाच मीटरवर उभे राहा. झूम ३०० ला, एफ/८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. शटरचा वेग १/५०० सेकंदापासून एकेक स्टॉप खाली १/३० पर्यंत आणा आणि प्रत्येक वेगाला दहा फोटो घ्या. बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फोटो) नको, दर वेळी कॅमेरा खाली घेऊन पुन्हा उचला. मग संगणकावर १०० टक्के मोठं करून छोटी अक्षरं वाचा. स्टॅबिलायझर बंद करून हेच पुन्हा करा. आपला हात किती स्थिर आहे ते इथे कळतं, खोक्यावर ते छापलेलं नसतं.

हातात धरून किती वेग हवा याचा जुना नियम फोकल लेंग्थच्या उलट्याचा, म्हणजे १ भागिले फोकल लेंग्थ. क्रॉप धरून ३०० गुणिले १.५ म्हणजे ४५०, म्हणून १/५००. पण हा नियम फिल्मच्या काळातला, बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठीचा. पिक्सल मोजत बघणाऱ्याने स्टॅबिलायझरशिवाय १/१००० धरावा. खोक्यावरचे चार स्टॉप मोजले तर १/५०० वरून आपण १/३० वर पोचतो. ते चार स्टॉप यंत्रावर हलवलेल्या कॅमेऱ्याने, न हलणाऱ्या तक्त्यावर मोजलेले असतात. माझ्या हातात १/१२५ भरवशाचा, १/६० ला तीन-तीनच्या बर्स्टमधला एखादा चालतो, १/३० म्हणजे लॉटरी. बर्स्टमधला मधला फोटो बहुधा सरस असतो, कारण बटण दाबताना आणि सोडताना बसणारा धक्का पहिल्या आणि शेवटच्या फोटोत जातो.

आता मुख्य तक्रार. लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण नाही. खर्च वाचवायला काढून टाकलंय आणि चालू-बंद मेनूत पुरलंय. ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर घेताना तो बंद करावा लागतो, नाहीतर काही लेन्स स्वतःच चित्र सरकवतात. उडत्या बगळ्यावर १/१६०० ला त्याचा काडीचा उपयोग नाही, उलट डोळा लावायच्या व्ह्यूफाइंडरमधली फ्रेम अडखळते. दर वेळी डोळा काढून मेनूत शिरायचं, तोवर बगळा तळ्यापलीकडे. एवढ्याशा प्लास्टिकच्या खटक्याची किंमत किती असेल हो? फंक्शन बटणावर हे काम लावता येत असेल तर आधी लावून घ्या. नसेल तर ‘माय मेनू’त पहिल्या ओळीत ठेवा.

आधी या लेन्सला दोन तारे देणार होतो. १/१०० ते १/१६० च्या पट्ट्यात आडव्या रेषा दुहेरी दिसत होत्या, १/५० ला मात्र कमी. हात हलला असता तर उलटं झालं असतं. ती धडक मेकॅनिकल शटरच्या पडद्याची होती. मेनूत ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन’ (पहिल्या पडद्याचं काम सेन्सरच करतो, धक्का बसत नाही) लावला आणि दुहेरी रेषा गेल्या. तारे साडेतीन. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर मात्र नको: फडफडते पंख वाकडे येतात आणि मांडवातल्या एलईडीखाली फोटोवर पट्टे उमटतात. तिथेही फ्रंट कर्टनच आणि १/१०० किंवा १/५०, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात.

फोटो बिघडला की आधी कशाने बिघडला ते बघा. सगळी चमकती टिंबं एकाच दिशेला ताणली गेली असतील तर हात हलला. मागचं पान स्वच्छ आणि पक्षी फराटलेला, तर पक्षी हलला. त्यावर कुठलाही स्टॅबिलायझर चालत नाही. पक्षी फराटलेला नाही, नुसता मऊ, आणि त्याच्या पुढची किंवा मागची फांदी स्वच्छ, तर फोकस चुकला. पहिल्या दोन्हींना उपाय एकच, वेग वाढवणे. बसलेला पक्षीसुद्धा मान झटकतो, म्हणून १/२५० च्या खाली जाऊ नका. चालणारी माणसं १/२५०, पळणारी पोरं १/५००, ढोल-ताशातले टिपरू धरलेले हात १/८००, फुलावर घिरट्या घालणारा शिंजीर १/१६०० च्या पुढे.

एफ/६.३ ला कडक उन्हात आयएसओ १०० वर साधारण १/६४० मिळतो. श्रावणातल्या दाट ढगाळ दिवशी तोच १/८० होतो, म्हणजे १/१२५० हवा असेल तर आयएसओ १६००. आयएसओला घाबरू नका. तो वाढवल्यावर फोटोत येणारे दाणे सॉफ्टवेअर पुसतं, हललेला फोटो सहसा सरळ होत नाही. मी एम मोड (वेग आणि एफ दोन्ही आपण ठरवायचे), ऑटो आयएसओ, कमाल ६४०० ठेवतो. ए मोडच (एफ आपण, वेग कॅमेरा ठरवतो) हवा असेल तर ऑटो आयएसओतल्या किमान शटरचा काटा ‘फास्टर’कडे एक घर सरकवा.

पकड सगळ्यांना ठाऊक असते, तरी लेन्सला बाजूने चिमटीत धरणारे रोज दिसतात. डावा तळवा लेन्सखाली, कोपर बरगड्यांना टेकलेले. बटण अर्धं दाबून एक सेकंद थांबा, व्ह्यूफाइंडरमधलं चित्र शांत झालं की मगच पुढे. ताडोब्यात जिप्सीचं इंजिन चालू असेल तर १/१००० लाही थरथर येते. ड्रायव्हरदादांना बंद करायला सांगा. कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ भरून जिप्सीच्या दांड्यावर लेन्सखाली ठेवला की महागड्या बीनबॅगची गरज नाही, आणि परत आल्यावर भात होतो.

सेकंडहँड घेणार असाल तर दुकानातच ३०० ला बटण अर्धं दाबून व्ह्यूफाइंडरमध्ये बघा, मग मेनूतून स्टॅबिलायझर बंद करून तेच करा. दोन्ही वेळा चित्र सारखंच डोलत असेल तर लेन्स काउंटरवर ठेवून निघा.